गुलाम-व्यापारबंदी आणि चर्च : फलकांवर नेमकं काय लावावं?

सात_रस्ता (सोलापूर)

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये तरुण संघाची एक संध्याकाळ ठरली आहे. पाऊण तास व्याख्यान आणि भिंतीला सात फलक. विषय, ब्रिटिशांचा गुलाम-व्यापार बंद पाडणारी चळवळ आणि त्यात ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा. ऐकायला संडे स्कूलची मोठी मुलं आणि महिला मंडळ असेलच, शिवाय फुले-आंबेडकर कोळून प्यायलेली वाचनालयातली मंडळीही येणार. त्यामुळे गुळगुळीत कथेवर निभावणार नाही.

नेहमीची कथा अशी : जहाजाचा कप्तान न्यूटन वादळात सापडला, पश्चात्ताप झाला, धंदा सोडला, ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिलं, खासदार विल्बरफोर्सला घडवलं आणि कायदा झाला. यातलं टिकतं किती? दुसरं, वेस्ट इंडीजमध्ये गुलाम राबवणारे मळेवालेही ख्रिस्तीच होते, मग शास्त्रवचनांवरून भांडण नेमकं कशाचं होतं? तिसरं, जहाजात माणसं कोंबल्याचं ते प्रसिद्ध चित्र झेरॉक्सवर काळं-काळं दिसतं आणि लांबून कुणाला कळत नाही. ते दाखवायचं कसं? शेवटचा प्रश्न हॉलमधून येणारच : हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं?

जुनं_दप्तर

ताई, न्यूटनच्या फलकावर फक्त सालं ओळीने लावा, निम्मी कथा तिथेच सरळ होते. वादळ मार्च १७४८ मधलं. गुलामवाहू जहाजाचा कप्तान तो त्यानंतर झाला. १७५० ते १७५४ या काळात तीन सफरी केल्या. समुद्र सुटला तो तब्येतीने दगा दिल्यामुळे. पाळकाची दीक्षा १७६४. गीत १७७२च्या अखेरीस लिहिलं आणि १ जानेवारी १७७३ रोजी त्याच्या ओल्नी गावच्या उपासनेत म्हटलं गेलं. त्यात गुलामांविषयी एक ओळ नाही. आज म्हणतो ती चाल तर अमेरिकेत १८३५ साली त्याला जोडली गेली. व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर लिहिलं ते १७८८ साली, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. पण तेव्हाची त्याची साक्ष मोलाची ठरली, कारण बोलणारा माणूस त्याच डेकवर कप्तान म्हणून उभा राहिलेला होता. विल्बरफोर्सचा भाग मात्र खरा आहे. १७८५च्या डिसेंबरात तो राजकारण सोडण्याच्या बेतात न्यूटनकडे गेला होता, आणि न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं.

दुसरा फलक क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाला द्या. आपल्याकडच्या व्याख्यानांत यांना नेहमी एका वाक्यात उरकतात, ते मला पटत नाही. २२ मे १७८७ रोजी लंडनच्या जॉर्ज यार्डमध्ये जेम्स फिलिप्सच्या छापखान्यात व्यापारबंदीची समिती बसली : बारा माणसं, त्यातले नऊ क्वेकर. शपथ घेणं त्यांना धर्माने निषिद्ध, म्हणून संसदेचं दार बंद. अँग्लिकन खासदार लागला तो यासाठी. पण छपाई, पैसा आणि गावोगावची पत्ता-वही त्यांची होती. शिवाय आधी त्यांनी स्वतःचं घर झाडलं होतं. या व्यापारात हात असलेल्या सभासदाला संघाबाहेर काढायचं, असा ठराव लंडनच्या वार्षिक सभेने १७६१ सालीच केला होता.

तिसऱ्यावर थॉमस क्लार्कसन, समितीसाठी पुरावे गोळा करणारा. व्यापाऱ्यांचं हुकमी पान असं की हा धंदा म्हणजे आरमाराला खलाशी पुरवणारी शाळा. क्लार्कसनने ब्रिस्टल आणि लिव्हरपूल इथल्या जहाजांचे खलाशीपट काढले आणि किती गेले, किती परतले ते नाव धरून मोजलं. गुलामवाहू जहाजांवर गोरे खलाशीच इतर व्यापारी जहाजांपेक्षा कितीतरी जास्त मरत होते. दयेचा पाझर न फुटणाऱ्या खासदारालाही हा आकडा टाळता येईना. लिव्हरपूलच्या दुकानातून त्याने हातबेड्या, पायबेड्या, अंगठा पिळायचा स्क्रू आणि अन्न नाकारणाऱ्याचं तोंड जबरदस्तीने उघडायचं अवजार विकत घेतलं. एवढ्या चार वस्तूंची रेखाचित्रं पुरेत, रक्ताळलेली चित्रं नकोत.

कोरा_कागद

वचनांच्या फलकाला दोन रकाने करा. डावीकडे व्यापाराच्या बाजूची, उजवीकडे विरोधाची.

डावीकडे : लेवीय २५:४४-४६ (परराष्ट्रीयांमधून दास विकत घेण्याची मुभा), इफिसकरांस ६:५ (दासांनी धन्याची आज्ञा पाळावी), फिलेमोनाला पत्र (पौल पळून आलेल्या दासाला परत पाठवतो) आणि उत्पत्ती ९:२५. शेवटच्या वचनाचा वापर मुळातच खोटा होता. शाप कनानाला आहे, हामाला नाही, आणि कातडीच्या रंगाचा त्यात उल्लेखही नाही. मुलांना बायबल उघडून हेच वचन वाचायला लावा. या बाजूचा पक्ष काही चार खेडवळ मळेवाल्यांचा नव्हता. १७८८ साली रेमंड हॅरिस या धर्मगुरूने वचनांच्या आधारे व्यापाराचं समर्थन करणारी पुस्तिका काढली, आणि लिव्हरपूलच्या नगरपालिकेने त्याला १०० पौंड बक्षीस दिलं.

उजवीकडे : निर्गम २१:१६ (माणूस चोरून विकणाऱ्याला देहांत), अनुवाद २३:१५-१६ (पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये), १ तीमथ्य १:१० (माणसं पळवून विकणारे पाप्यांच्या यादीत), प्रेषितांची कृत्ये १७:२६ आणि मत्तय ७:१२.

या रकान्यांकडे नीट पाहिलं की चळवळीचा डावपेच दिसतो. ‘दास बाळगणं पाप आहे का’ या प्रश्नावर वचनं दोन्हीकडे ओढता येतात. ‘माणूस पळवून आणणं पाप आहे का’ यावर मात्र समोरच्याला जागा उरत नाही. समितीने १७८७ साली गुलामगिरीऐवजी फक्त व्यापारावर बोट ठेवलं, त्याला मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न टाळणं हे मोठं व्यावहारिक कारण होतंच. पण शास्त्राची जमीनही याच बाजूला घट्ट होती.

कॉड्रिंग्टनचा मळा वगळू नका. बार्बाडोसमधला हा मळा चर्च ऑफ इंग्लंडच्या सुवार्ताप्रसारक संस्थेचा, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर संस्थेचं नाव तापल्या लोखंडाने डागलं जात होतं. व्हर्जिनियात १६६७ सालीच कायदा होता की बाप्तिस्म्याने कुणी दास मुक्त होत नाही. आणि ज्या १८०७ साली व्यापारबंदी झाली, त्याच साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी काटछाट केलेलं बायबल निघालं. जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्याचा निम्मा भाग गायब. मिसरातून सुटका नाही, गलतीकरांस ३:२८ नाही. इफिसकरांस ६:५ मात्र जागेवर.

माप_घेऊन_बोला

जहाजाचं चित्र भिंतीवर लावूच नका, जमिनीवर काढा.

जहाज ‘ब्रुक्स’, लिव्हरपूलचं. चित्रातली मापं : पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद, बाईला ५ फूट १० इंच आणि तितकीच रुंदी, मुलाला ५ फूट आणि १ फूट २ इंच. आपल्या साठ-नव्वद इंची सिंगल सोलापुरी चादरीच्या रुंदीत यातले पावणेचार पुरुष बसतात. चादर अंथरून वर सुतळीने सोळा-सोळा इंचांवर रेघा पाडा, माईकशिवाय हॉलला कळेल.

फरशीवर खडूने बारा चौकटी एकमेकींना लागून आखा : १६ फूट लांब, ६ फूट रुंद पट्टा होतो. मध्ये वाट ठेवायची नाही, इथेच सगळे चुकतात. वाट ठेवली की ती वसतिगृहातली खोली वाटायला लागते. मग दोन खुर्च्यांना जमिनीपासून अडीच फुटांवर दोरी बांधा. दोन डेकच्या मधोमध आणखी एक फळी मारून वर दुसरी रांग झोपवत, त्यामुळे डोक्यावर जागा उरायची ती साधारण एवढीच. मुलांना चौकटीत झोपवू नका, ते नाटक होतं आणि हसू फुटतं. नुसता आखलेला पट्टा ठेवा.

आकड्यांचा हिशेब शेजारी लिहा. १७८८च्या डॉल्बेन कायद्याने पहिल्या २०१ टनांपर्यंत दर ३ टनांना ५ माणसं आणि पुढे टनाला एक अशी मर्यादा घातली. ब्रुक्स ३२० टन धरलं की ३३५ अधिक ११९, एकूण ४५४. म्हणजे ते चित्र बेकायदा गर्दीचं नाही, कायद्यात बसणाऱ्या गर्दीचं आहे. कायद्याआधी याच जहाजातून एका सफरीत ६०९ माणसं नेल्याची नोंद त्या चित्राच्या पत्रकातच छापलेली होती.

जुनं_दप्तर

वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन, खासकरून वाटेच्या मुद्द्याला.

मतदानाचा फलक राहिला. १७९१ : ८८ विरुद्ध १६३, हार. १७९२ : व्यापारबंदी मागणारे ५१९ अर्ज संसदेत आले, ठराव २३० विरुद्ध ८५ ने मंजूरही झाला, पण गृहमंत्री डंडासने त्यात ‘हळूहळू’ घुसवलं आणि वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, तो कुजवला. १७९३ पासून फ्रान्सशी युद्ध, त्यामुळे सुधारणेची गोष्ट काढणारा माणूस क्रांतिवाला ठरायला लागला. १७९६ : ७० विरुद्ध ७४, फक्त चार मतांनी हार, आणि बंदीच्या बाजूचे काही खासदार त्या रात्री ऑपेराला गेलेले. १८०६ साली चळवळीतला वकील जेम्स स्टीफन याने युक्ती काढली : शत्रूच्या वसाहतींना गुलाम पुरवायला बंदी, युद्धाचा उपाय म्हणून. विल्बरफोर्स मुद्दाम गप्प बसला, विधेयक निघून गेलं, आणि ब्रिटिश व्यापाराचा मोठा हिस्सा तिथेच तुटला. त्यानंतरचं २३ फेब्रुवारी १८०७ चं मतदान, २८३ विरुद्ध १६. मंजुरी २५ मार्चला. दर माणसामागे १०० पौंड दंड. जहाजातून सोडवलेल्यांना मात्र चौदा वर्षांपर्यंत ‘उमेदवारी’ला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सक्तीच्या कामाला, लावायची मुभा याच कायद्यात होती. हेही लिहा.

सात_रस्ता (सोलापूर)

सगळ्यांचे आभार. चादरीचा फलक नक्की, चादर महिला मंडळाकडून येईल. पण महिला मंडळाला स्वतःचं असं काही त्यात दिसेल का? आणि भारताचं राहिलंच.

कोरा_कागद

दोन्ही प्रश्न साखरेवर येऊन मिळतात, आणि उसाच्या जिल्ह्यात तो फलक सगळ्यात जास्त वाचला जाईल. १७९१ साली विल्यम फॉक्सच्या पत्रकाने हिशेब मांडला : आठवड्याला ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलो साखर वापरणाऱ्या घराने २१ महिने ती सोडली, तर एक माणूस गुलाम होण्यापासून किंवा मारला जाण्यापासून वाचतो. मत बाईला नव्हतं, साखरेचा डबा तिच्या हातात होता. पुढे १८२४ साली एलिझाबेथ हेरिकने गुलामांची मुक्ती ‘हळूहळू’ नको, आत्ताच हवी, असं छापून पुरुष पुढाऱ्यांनाच टोकलं.

आता आपली बाजू. वेस्ट इंडीजची साखर सोडलेल्या घरांत ‘ईस्ट इंडियाची, गुलामांनी न केलेली’ असं लिहिलेली साखरदाणी मिरवायची पद्धत आली. त्याच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामगिरी कायदेशीर होती. वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३च्या मुक्ती कायद्यातून कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना चक्क वगळले होते. सोलापूर १८१८ सालीच कंपनीकडे गेलेलं, म्हणजे आपणही त्या वगळलेल्यांत. इथे लागू झाला तो १८४३चा पाचवा कायदा. त्याने धन्याला गुन्हेगार ठरवलं नाही. कोर्टाने दासावरचा हक्क मानायचा नाही, वसुलीसाठी सरकारी अंमलदाराने माणूस विकायचा नाही, मुख्यतः एवढंच केलं. दास म्हणून माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला तो दंडसंहितेच्या कलम ३७० ने, १८६२ पासून.

वाचनालयातली मंडळी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका काढणारच, तेव्हा आधीच लावून ठेवा : १८७३ साली जोतीरावांनी ते पुस्तक निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

उलट_तपासणी

एक खोट काढतो. सातही फलकांवर गोरे लोकच दिसताहेत. पूर्वी स्वतः गुलाम असलेल्या ओलाउडा इक्वियानोचं आत्मचरित्र १७८९ चं, त्याने देशभर फिरून ते विकलं. तसाच पूर्वी गुलाम असलेल्या क्युगोआनोचं पुस्तक तर १७८७ चं. दोघेही ख्रिस्ती, आणि वचनांचा वाद त्यांनी मळेवाल्यांवर उलटवला. आणि १८३१च्या नाताळात जमैकात उठाव करणारा सॅम शार्प हा बॅप्टिस्ट मंडळीतला डीकन होता, स्वतः गुलाम. साठ हजारांच्या आसपास माणसं उठली, तीनशेहून जास्तांना मृत्युदंड झाला, शार्पला मे १८३२ मध्ये फाशी. पुढच्याच वर्षी मुक्ती कायदा. शार्पला स्वतंत्र फलक नसेल, तर श्रद्धेचा वाटा सांगितला असं म्हणू नका. जागा नसेल तर न्यूटनचा अर्धा करा.

प्राध्यापक मंडळी इतिहासकार एरिक विल्यम्स काढतील : मळे तोट्यात गेले म्हणून व्यापार सुटला, धर्म निमित्त. त्यावर दुसरा इतिहासकार सेमूर ड्रेशर याचं उत्तर तयार ठेवा, की १८०७ साली तो व्यापार भरभराटीत होता. मला ड्रेशर जास्त पटतो. पण १८३३ साली मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली आणि गुलामांना छदाम नाही, उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’, हे सांगितल्याशिवाय ती बाजू मांडू नका. भरपाई घेणाऱ्यांत कॉड्रिंग्टनवाली संस्थाही होती.

माप_घेऊन_बोला

शार्प आणि इक्वियानो एका फलकावर बसतात, तीन बाय दोन फुटांचा घ्या. वचनांचा फलक चादरीच्या आधी लावा, नाहीतर गर्दी चादरीपाशी अडते आणि पुढचं कुणी वाचत नाही. अक्षर एक इंचाच्या खाली नको. हॉलचे दिवे पिवळे असतील तर फ्लेक्सपेक्षा पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर काळं मार्कर बरं दिसतं.