मदत हवी आहे: व्यवहारतोलाची बेरीज शून्य येत नाही

शोधयात्री:
जागतिक अर्थव्यवस्था मुळापासून समजून घ्यायला बसलोय. जिथे बघावं तिथे एकच वाक्य: व्यवहारतोल (देशाच्या बाकी जगाशी झालेल्या सगळ्या व्यवहारांचा हिशेब) नेहमी जुळतो, सगळ्या खात्यांची बेरीज शून्य. तक्ता समोर ठेवून बेरीज केली, तर शून्य सोडाच, तूट जवळजवळ दुप्पट होते. पुन्हा पुन्हा तपासलं, बेरजेत चूक नाही. व्याख्या सांगू नका, त्या वाचल्यात. चुकतंय कुठे तेवढं सांगा. आणि तूट असेल तर ती शेवटी जाते कुठे, हेही.

खतावणी:
तक्ता कुणाचा? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा, की त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचा? चालू खात्याच्या (माल, सेवा, उत्पन्न यांची देवघेव) पोटातल्या ओळी आणि एकूण चालू खातं असं दोन्ही तर मिळवलं नाही ना? परकीय चलनाची गंगाजळी वित्तीय खात्यातच (ठेवी, कर्जं, रोखे, समभाग यांची देवघेव) धरली आहे की खाली वेगळी दाखवली आहे? आकडे टाका, नाहीतर सगळे अंदाज बांधत बसतील.

देशहित:
आकड्यांत कशाला शिरताय? तूट म्हणजे देशाबाहेर गेलेला पैसा. आयातशुल्क वाढवा, तूट खाली येते.

प्रवाह:
देशहित, प्रश्न तो नाही, आणि उत्तरही बरोबर नाही. अमेरिकेची माल आणि सेवांच्या व्यापारात १९७६ पासून दरवर्षी तूट आहे. पैसा नुसताच बाहेर जात असता तर हे इतकी वर्षं चाललं नसतं.
शोधयात्री, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. समजा देशाने १०० चं यंत्र आयात केलं. चालू खात्यात १०० नावे पडले. निर्यातदाराला मिळालेले १०० त्याने याच देशातल्या बँकेत ठेवले, म्हणजे देशावर परदेशी माणसाचं १०० चं देणं वाढलं. ही झाली वित्तीय खात्यातली नोंद. ठेवीऐवजी त्याने सरकारी रोखे घेतले, समभाग घेतले किंवा कारखाना घेतला, तरी परदेशी माणसाचा हक्क १०० नेच वाढतो. उद्या ती ठेव त्याने दुसऱ्या परदेशी माणसाला दिली, तर मालक बदलेल, देणं तेवढंच राहील. तूट कुठे जात नाही, ती परकीयांच्या हक्काच्या रूपात देशातच उभी असते.

देशहित:
म्हणजे कर्जच झालं ना? थायलंडचं काय झालं ते लिहा की. १९९६ मध्ये चालू खात्याची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के. २ जुलै १९९७ ला त्यांचं चलन, बाट, बाजाराच्या दरावर मोकळं सोडावं लागलं. डॉलरला सुमारे २५ असलेला दर जानेवारी १९९८ मध्ये ५० च्या पलीकडे गेला.

प्रवाह:
थायलंडचं उदाहरण योग्य आहे, पण त्याचा धडा वेगळा. तूट भरून निघत होती ती मोठ्या प्रमाणात अल्प मुदतीच्या डॉलर-कर्जांतून, आणि कर्जदारांची कमाई बाटमध्ये. बाटची किंमत निम्म्यावर आली की बाटमध्ये मोजलेलं तेच कर्ज दुप्पट होतं. शिवाय मुदत संपली की नवं कर्ज मिळालंच पाहिजे, नाहीतर गंगाजळीतून फेडा. तेवढीच तूट कारखान्यातल्या थेट गुंतवणुकीतून भरली असती, तर तो पैसा एका रात्रीत काढून नेता आला नसता. म्हणून तुटीच्या आकड्याइतकंच ती कशातून भरली, कोणत्या चलनात आणि किती मुदतीने, हे बघायचं. आयातशुल्काने यातलं काहीच बदलत नाही.

मधली_ओळ:
दोघंही एक पायरी गाळताय. चालू खातं म्हणजे देशाची एकूण बचत वजा देशातली गुंतवणूक. शुल्क लावून बचत वाढली नाही किंवा गुंतवणूक घटली नाही, तर तूट दुसऱ्या वाटेने परत येते: आयात घटली की चलन महाग होतं आणि निर्यातही घटते. दुसरी गोष्ट, हे समीकरण नेहमीच खरं असतं, त्यामुळे कारण काय ते त्यातून कळत नाही. आयात जास्त म्हणून बाहेरून पैसा आला, की बाहेरचा पैसा आला म्हणून चलन चढलं आणि आयात वाढली? अमेरिकी अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्की यांनी २००५ मध्ये अमेरिकेच्या तुटीबद्दल दुसरी बाजू मांडली होती: मूळ कारण अमेरिकेबाहेर साचलेली बचत. ते सगळ्यांना पटलेलं नाही, पण नवशिक्याने दोन्ही दिशा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

गोदी:
नवशिक्याने खात्यांपासून सुरुवातच करू नये. आधी माल कसा हलतो ते बघा. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं. सुटा माल चढवायला टनामागे ५.८६ डॉलर पडत, कंटेनरने तो खर्च १६ सेंटांच्या आत आला. पुढे पेट्यांची मापं ठरली, २० आणि ४० फूट, आणि एकच पेटी जहाज, रेल्वे, ट्रक सगळीकडे बसू लागली. एका वस्तूचे भाग वेगवेगळ्या देशांत करणं परवडू लागलं ते यामुळे. व्यापार करार त्यानंतर महत्त्वाचे.

सोनेरी:
डॉलरमागे सोनं राहिलेलं नाही हे कुणीच का सांगत नाही? १५ ऑगस्ट १९७१ पर्यंत परदेशी मध्यवर्ती बँकांना औंसाला ३५ डॉलर या दराने सोनं मिळत असे. ते बंद झालं.

खतावणी:
सोनेरी, माहिती खरी आहे, पण बेरीज न जुळण्याशी तिचा संबंध नाही. शोधयात्री, तक्ता?

शोधयात्री:
तक्ता नाणेनिधीचा. देशाचं नाव महत्त्वाचं नाही, आकडे सोपे करून देतो. चालू खातं उणे ४०, भांडवली खातं (कर्जमाफी, भांडवली अनुदान वगैरे) अधिक १, वित्तीय खातं उणे ३७, निव्वळ चुका व वगळणूक (नोंदींत न जुळलेली बाकी) अधिक २. बेरीज उणे ७४. गंगाजळी वित्तीय खात्यातच आहे.

खतावणी:
आता कळलं. आकडे बरोबर आहेत, वित्तीय खात्याचं चिन्ह तुम्ही जुन्या रीतीने वाचताय.
व्यवहारतोल कसा मांडायचा ते सांगणाऱ्या नाणेनिधीच्या पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत वित्तीय खात्यातही जमा अधिक आणि नावे उणे. पैसा आत आला की अधिक ३७. मग उणे ४०, अधिक १, अधिक ३७, अधिक २, बेरीज शून्य. तुम्ही वाचलेलं वाक्य त्या काळचं. २००९ च्या सहाव्या आवृत्तीपासून वित्तीय खातं म्हणजे परदेशांतल्या मालमत्तेतली निव्वळ वाढ वजा परदेशांना असलेल्या देण्यातली निव्वळ वाढ. देणं जास्त वाढलं तर उत्तर उणे. म्हणून ते मिळवायचं नाही, बाकीच्यांशी जुळवायचं:
चालू + भांडवली + चुका = वित्तीय
उणे ४० + १ + २ = उणे ३७. जुळलं.
उणे ३७ वजा करण्याऐवजी तुम्ही मिळवलेत, म्हणून फरक ३७ च्या दुप्पट, म्हणजे ७४. असा नेमका दुप्पट फरक दिसला की आधी चिन्ह तपासायचं.
गंगाजळीतही हाच घोळ होतो. जुन्या रीतीत साठा वाढला की उणे, नव्या रीतीत अधिक. काही देश आजही जुन्या चिन्हांनी तक्ता छापतात, त्यामुळे दोन देशांची तुलना करताना तळटीप वाचल्याशिवाय आकडे उचलू नका.

मधली_ओळ:
एक भर. 'चुका व वगळणूक' या ओळीत कुणी लपवलेला पैसाच असतो असं नाही. माल सीमाशुल्क खात्याकडून मोजला जातो, पैसा बँकांकडून, आणि दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या. डिसेंबरात माल आला आणि पैसे जानेवारीत गेले की उधारीची नोंद सुटण्याचा संभव असतो. ही ओळ वर्षानुवर्षं एकाच दिशेने मोठी राहिली, तरच शंका घ्या.

शोधयात्री:
जुळलं! दुसऱ्या देशाचा तक्ताही याच सूत्राने जुळला. पण आता त्याच वर्षाची आयात सीमाशुल्काच्या आकडेवारीत जास्त दिसते आणि व्यवहारतोलात कमी. हेही चिन्हाचं आहे का?

खतावणी:
नाही. सीमाशुल्काच्या आकड्यांत आयात बहुधा विमा आणि भाड्यासकट मोजतात. व्यवहारतोलात निर्यात करणाऱ्या देशाच्या सीमेवरची किंमत धरतात, आणि परदेशी कंपनीला दिलेलं भाडं आणि विमा सेवांच्या ओळीत जातात. तेवढा भाग सेवांच्या वाहतूक आणि विमा या ओळींत शोधा. भाडं आपल्याच देशाच्या जहाजाला दिलं असेल तर ते तिथे दिसणार नाही, त्यामुळे फरक पूर्ण भरेलच असं धरू नका.