रेडिएशनच्या आखणीसाठी सीटी, पेट आणि एमआरआय तिन्ही कशासाठी?

प्रश्न: वडिलांना जिभेच्या मुळाशी कर्करोग आहे. सीटी आणि पेट स्कॅन (टोचलेले औषध शरीरात कुठे साठते ते दाखवणारी तपासणी) झालेले असतानाही चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून पुन्हा सीटी काढला आणि आता एमआरआयही सांगितला आहे. एवढ्या तपासण्या खरोखर लागतात का?

उत्तर १: लागतात. किरणांची मात्रा मोजण्यासाठी ऊतींची इलेक्ट्रॉन घनता (ठरावीक जागेत किती इलेक्ट्रॉन आहेत; त्यावर किरण किती अडतात ते ठरते) हवी असते आणि ती सीटीवरून काढता येते. मात्र गाठ जिभेच्या स्नायूंत कुठवर शिरली आहे हे एमआरआयवर अधिक स्पष्ट दिसते, शिवाय दातांत भरलेल्या चांदीमुळे सीटीवर पांढरे पट्टे उमटतात ते वेगळेच. मुखवटा डोके दर वेळी त्याच स्थितीत धरून ठेवतो; निदानाचा सीटी त्याच्याविना काढलेला असल्याने आखणीला पुरत नाही.

उत्तर २: पेटबाबत थोडे जपून. त्यातले ग्लुकोजसारखे औषध नुसत्या सुजेच्या जागीही साठते, त्यामुळे चमकते ते सारे कर्करोगच असते असे नाही.

उत्तर ३: मी याच विभागात काम करतो. सीटी आणि एमआरआयची चित्रे एकमेकांवर बसवताना हनुवटी जराशी वर असली तरी मानेचे मणके जुळत नाहीत, म्हणून एमआरआयही मुखवट्यासह काढता येईल का, हे अवश्य विचारावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मुखवटा तिथेच नाव लिहून खुंटीला टांगलेला आहे, उद्याच विचारतो.