मुलगा किंवा मुलगी सैन्यात गेल्यावर: गोव्यातील आईवडिलांचे अनुभव

फोंडा, थलसेनेतील अधिकाऱ्याचे वडील

गोव्यातील मराठी घरांना सरकारी नोकरी, बँक, शिक्षकी पेशा, खाण आणि जहाज ही सगळी क्षेत्रे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहेत. मुलाने यांपैकी काहीही निवडले, तरी सल्ला द्यायला वाड्यावर चार जाणती माणसे सापडतात. सैन्याच्या बाबतीत मात्र तसे नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. तिथल्या आईला मुलाचा फोन चार दिवस आला नाही, तर शेजारची बाई तिला सांगू शकते की असे होतेच, काळजी करू नकोस. आपल्याकडे दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आहे, पणजीत लष्कराचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र आहे, आणि १९८६ पासून २००९ मध्ये केरळातील एझिमला येथे हलेपर्यंत नौदलाची प्रबोधिनी आपल्याच वेरे येथे होती. तरीही तेथे गणवेशात दिसणारी बहुतेक माणसे परराज्यांतून आलेली असल्यामुळे त्यांच्या घरांची आणि आपल्या घरांची ओळख होत नाही. १९९० ते १९९३ या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्स मूळचे गोमंतकीय, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मुलगा सीमेवर असताना रात्र कशी काढावी, हे सांगणारे माणूस आपल्याला जवळपास मिळत नाही. म्हणूनच, ज्यांची मुले सैन्यदलांत आहेत त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी माझी विनंती आहे.

सुरुवात मीच करतो. देहरादूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत दीक्षान्त संचलन झाल्यावर आईवडिलांनी मुलाच्या खांद्यावर तारे चढवण्याची पद्धत आहे. एका खांद्याशी मी उभा होतो आणि दुसऱ्या खांद्याशी त्याची आई. अभिमानाने ऊर भरून येणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले. आजूबाजूला शेकडो कुटुंबे हसत-रडत छायाचित्रे काढत होती. माझ्या पत्नीने तारा नीट बसला आहे का ते बोटाने चाचपून पाहिले आणि हात खांद्यावरून न काढताच विचारले, “पहिले पोस्टिंग कुठे रे?” त्याने ठिकाण सांगितले, आणि तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. हे सारे एका मिनिटात घडले. अभिमान आधी आणि काळजी मागाहून, असा क्रम आमच्या घरात तरी कधी नव्हता.

डिचोली, एनडीए कॅडेटची आई

फोंड्याच्या भाऊंनी संचलनाबद्दल लिहिले आहे. आमच्यापुढे तो दिवस अजून यायचा आहे, म्हणून मी सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहिते.

खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलगा दाखल होतो, तेव्हा पालकांना एका प्रमाणपत्रावर सही करावी लागते. प्रशिक्षणात मुलाला दुखापत झाली, अपंगत्व आले किंवा मृत्यू ओढवला, तरी शासनाकडे नुकसानभरपाई मागण्याचा आपल्याला हक्क नाही, हे आपण पूर्णपणे समजून घेतले आहे, असा त्याचा आशय असतो. मुलाची परीक्षा, सैन्याच्या निवड मंडळाची (एसएसबी) पाच दिवसांची मुलाखत, वैद्यकीय तपासणी हे सगळे पार पडेपर्यंत घरात सणासारखे वातावरण होते. तो कागद मात्र जेवणाच्या मेजावर दोन दिवस तसाच पडून राहिला. ह्यांनी सही करण्याआधी मोठ्याने वाचायला घेतला आणि अर्ध्यावर थांबून उरलेला मनात वाचला. मुलगा समोर बसून निवांतपणे भाकरी खात होता. ज्या मुलाला शाळेच्या सहलीला पाठवताना मी सतरा प्रश्न विचारत असे, त्याच्या मृत्यूचा उल्लेख असलेल्या कागदावर आपण राजीखुशीने सही करतो आहोत, ही जाणीव कशी असते, ते केवळ ती सही केलेले पालकच समजू शकतील.

तत्पूर्वी मी ग्रामदेवतेला प्रसाद लावला होता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न मांडतात आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार मानतात. भटजींनी मला विचारले, “बाय, नेमके काय विचारायचे आहे?” मुलाने जावे की जाऊ नये, हे विचारायचे मनात धरूनच मी घरून निघाले होते. परंतु तिथे उभी राहिल्यावर वाटले, की त्याचा निश्चय झालेला आहे आणि देवीने नकार दिला तर मी त्याला काय सांगणार? म्हणून मी जाण्याबद्दल विचारलेच नाही. तो जाणारच आहे, त्याला सांभाळशील का, एवढेच गाऱ्हाणे भटजींना घालायला सांगितले. उजवीकडची पाकळी बराच वेळ पडली नाही, आणि तो वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. अखेर ती पडली. कोणी याला श्रद्धा म्हणेल, कोणी मनाची समजूत म्हणेल. मला त्यावर आजही झोप लागते.

काणकोण, नौसैनिकाचे वडील

मी स्वतः तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. माझी उमेदीची सगळी वर्षे मालवाहू जहाजांवर गेली, त्यामुळे समुद्राची भीती आमच्या घरात कोणाला नाही. मुलगा नौदलात गेला तेव्हा बापाचाच धंदा पुढे चालवतो आहे असे लोक म्हणाले, आणि मलाही ते खरे वाटले. फरक नंतर कळला.

व्यापारी जहाज कुठे आहे ते लपून राहत नाही. आता तर जहाजांची जागा दाखवणारे ॲप मोबाइलवर मिळते. शेवटच्या काही वर्षांत माझी पत्नी त्यावर माझे जहाज शोधून आज तुम्ही अमुक बंदराबाहेर नांगर टाकून आहात, असे मला सांगत असे. मुलाची पहिली सेलिंग सुरू झाली तेव्हा तिने सवयीने तेच ॲप उघडले. युद्धनौका त्यावर दिसत नाही, हे मला ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते. ती कारवारपासून पुढे सगळा समुद्र बोटाने सरकवून पाहत राहिली. निघण्याची तारीख तो सांगत नाही, परतण्याची सांगत नाही, आणि आम्ही विचारतही नाही, कारण विचारले तर त्याला खोटे बोलावे लागेल किंवा गप्प बसावे लागेल. कारवारचा नौदल तळ आमच्या घरापासून इतका जवळ आहे की बसने सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येता येते. त्याचे जहाज तिथे धक्क्याला लागले असेल की अरबी समुद्रात कुठे असेल, हे मात्र त्याचा फोन वाजेपर्यंत आम्हांला कळत नाही.

मी जहाजावर असताना माझी आई तुळशीपुढे दिवा लावून बराच वेळ उभी राहायची. ती काय करत असे, ते मला आता या वयात समजू लागले आहे.

पेडणे, अधिकारी मुलीचे वडील

आमची मुलगी चेन्नईच्या लष्करी प्रशिक्षण अकादमीतून अधिकारी झाली. २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून वेऱ्याच्या आयएनएस मांडवी या नौदल तळावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात परतल्या. ती नौका आपल्या दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेली. मुलीने त्या मोहिमेची कात्रणे कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, तेव्हाच आम्ही काय ते ओळखायला हवे होते.

मुलाच्या बापाला लोक “शाबास” म्हणतात आणि मुलीच्या बापाला “लग्नाचे काय?” असे विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यानंतर हा प्रश्न थोडा कमी झाला आहे. काळजीचे म्हणाल, तर ती मुलाच्या आईवडिलांना जितकी असते तितकीच आम्हांला आहे; तिच्यात मुलगी म्हणून वेगळी भर घालायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

म्हापसा, जवानाची आई

मे २०२५ मधील ते दिवस मी कधीही विसरणार नाही. सात तारखेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले आणि दहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत माझा मुलगा जम्मूच्या बाजूला होता, एवढेच मला माहीत होते. दूरचित्रवाणीवर दर दहा मिनिटांनी नवी बातमी येई आणि थोड्या वेळाने ती खोटी ठरे. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या मुलीने केबलची वायर काढून ठेवली, आणि तिने केले ते योग्यच केले. नातेवाइकांचे फोन सतत येत. त्यांतल्या काहींना माझी विचारपूस करायची नव्हती. माझा मुलगा तिथे असल्याने मला आतली बातमी ठाऊक असेल, असे त्यांना वाटत होते, आणि याचे मला फार वाईट वाटले. सैनिकाच्या आईला आतले काहीही ठाऊक नसते, आणि जे थोडे ठाऊक असते ते ती कोणाला सांगत नाही.

एका रात्री उशिरा संदेश आला: “मी बरा आहे. जेवलो.” तो जेवला, हे त्याने मुद्दाम लिहिले, कारण मी तेच विचारणार हे त्याला ठाऊक होते.

वाळपई, अग्निवीराचे वडील

माझा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत अग्निवीर आहे. बेळगावच्या केंद्रात शपथ परेड झाली, तेव्हा आम्ही चोर्ला घाटातून पहाटेच गेलो होतो. पालकांच्या छातीवर तिथे गौरव पदक लावतात. काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसाला पदक मिळण्याचा प्रसंग आयुष्यात दुसरा येणार नाही. ते आमच्या देवघरात ठेवले आहे.

माझी काळजी मात्र वर लिहिणाऱ्यांपेक्षा थोडी वेगळी आहे. अग्निवीराची चार वर्षांची नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना कायम ठेवतात. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, पेन्शन नाही. सीमेवर त्याला काही होऊ नये, ही काळजी मी देवावर सोपवू शकतो. तेविसाव्या वर्षी हा मुलगा घरी परतला तर त्याने काय करावे, ही काळजी मलाच वाहावी लागते. त्याच्यासमोर मी हा विषय काढत नाही, कारण कायम होण्यासाठी तो जिवाचे रान करतो आहे आणि त्याचे लक्ष विचलित व्हावे असे मला वाटत नाही.

एक विचारायचे आहे. यंदा गणेश चवथीला तो घरी नसेल. त्याच्या आईला त्याच्यासाठी फराळ पाठवायचा आहे, पण त्याने दिलेल्या पत्त्यात गावाचे नावच नाही. तो पोचेल का?

फोंडा, थलसेनेतील अधिकाऱ्याचे वडील

भाऊ, नक्की पोचेल. त्याचा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी लिहावी, त्याखाली त्याने दिलेला एपीओचा, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, क्रमांक (उदाहरणार्थ ‘मार्फत ५६ एपीओ’) आणि नऊने सुरू होणारा पिन लिहावा. गावाचे नाव मुद्दामच नसते. पुढचे काम लष्कराची टपालसेवा करते, आणि टपालखर्च देशात इतरत्र पाठवतो तेवढाच येतो. नेवऱ्या आणि खोबऱ्याच्या वड्या वाटेत खवट होतात, असा आमचा अनुभव आहे. खाजे, चकल्या आणि शंकरपाळ्या टिकतात. डबा पत्र्याचा घ्यावा, झाकणाला चिकटपट्टी लावावी आणि तो चवथीच्या किमान तीन आठवडे आधी टाकावा. थोडे जास्तच पाठवावे, कारण तो एकटा खाणार नाही. आणि तुमच्या दुसऱ्या काळजीबद्दल आपण प्रत्यक्ष बोलू. माझ्या मुलाच्या तुकडीतील दोन अग्निवीरांनी नोकरीत असतानाच पुढचे शिक्षण सुरू केले आहे. त्यांनी नेमके काय केले, ते त्याच्याकडून विचारून घेऊन मी तुम्हांला कळवतो.