खेळाडूला डॉक्टर बाहेर बसवू शकतो, मग कोचला का नाही?

स्टार्कव्हिलकर:
आधीच सांगतो, हे हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे आणि त्यातही कॉलेजच्या. मी मिसिसिपी स्टेट विद्यापीठात एमएस केलं, तेव्हापासून ती टीम माझी. तिथे लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला येतात, माझी अजून कपाटावर आहे. तर आमचा कोच माइक लीच १२ डिसेंबर २०२२ ला गेला, वय ६१. त्याआधी तीन आठवडेही झाले नव्हते, थँक्सगिव्हिंगला आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला, ओल मिसला, २४-२२ हरवलेलं, मी घरात नाचलो होतो. सीझनच्या शेवटी त्याला न्यूमोनियाने गाठलं होतं, पण आता बरं वाटतंय म्हणायचा असं नंतर बातम्यांत आलं. मग एका रविवारी घरी त्रास झाला, हेलिकॉप्टरने जॅक्सनला नेलं आणि सोमवारी रात्री खेळ खलास, हृदयविकारातून झालेली गुंतागुंत.

तेव्हा जो तो लिहीत होता की आवडतं काम करता करता गेला, भाग्यवान माणूस. मला ते वाचवत नव्हतं. कारण हा काही पहिला नाही. नॉर्थवेस्टर्नचा रँडी वॉकर, ऑक्टोबर २००४ मध्ये छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात, हृदयाच्या स्नायूला सूज असं निदान, लगेच कामावर परत, आणि २९ जून २००६ ला गेला, ५२ वर्षांचा. इंडियानाचा टेरी हेप्नर, डिसेंबर २००५ मध्ये मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन, सप्टेंबर २००६ मध्ये दुसरं, फक्त दोन मॅच चुकवून परत मैदानावर, १९ जून २००७ ला गेला. पुढच्या सीझनला तो नसणार हे विद्यापीठाने जाहीर केलं त्याला तेव्हा चारच दिवस झाले होते!! चार दिवस. म्हणजे थांबायचं कधी हे ठरवायलासुद्धा कोणी नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. खेळाडूच्या डोक्याला मार बसला तर टीमचा डॉक्टर त्याला बाहेर बसवतो आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या लीगमध्ये, तर लेखी नियम आहे की ह्यात डॉक्टर-ट्रेनरचा शब्द शेवटचा, कोचला मध्ये पडता येत नाही. मग कोचसाठी असा माणूस का नाही?

मिशिगनचा मामा:
स्टार्कव्हिलकर, तळमळ कळली पण पटलं नाही. मी पस्तीस वर्षं हा खेळ बघतोय. मिशिगन स्टेटचा मार्क डँटोनिओ, सप्टेंबर २०१० मध्ये नोत्र दामला ओव्हरटाइममध्ये ३४-३१ हरवलं, फील्ड गोल मारायचं नाटक करून पास टाकला ती मॅच, आणि त्याच रात्री हार्ट अटॅक. स्टेंट टाकला. त्याच सीझनमध्ये परत आला. तुझ्या डॉक्टरने तेव्हा घरी बसवला असता तर? पुढे २०१३ ची बिग टेन कॉन्फरन्स जिंकली, रोझ बोल ही सीझननंतरची मानाची मॅच जिंकली आणि २०२० मध्ये स्वतःच्या पायांनी चालत रिटायर झाला.

आणि उलट बाजू बघ. अलाबामाचा बेअर ब्रायंट. शेवटची मॅच २९ डिसेंबर १९८२, गेला २६ जानेवारी १९८३. अठ्ठावीस दिवस. सोडलं की मी मरेन असं तो आधीपासून म्हणायचा आणि तसंच झालं. काही माणसं कामावर जगतात रे. त्यांना काढून घरात बसवणं हे औषध नाही.

डॉक्टरीणबाई:
मामा, ब्रायंटचं उदाहरण सगळेच देतात पण त्यातून काम सोडलं म्हणून गेले असं सिद्ध होत नाही. ६९ वय होतं, तब्येत आधीच खालावलेली होती, म्हणून तर सोडलं. आधी आजार, मग निवृत्ती, मग मृत्यू. आपण मधलंच उचलतो.

पण स्टार्कव्हिलकर, तुमचीही गाडी घसरतेय. हेप्नर ब्रेन ट्यूमरने गेले, तो साइडलाइनवर उभं राहिल्याने होत नाही, आणि वर्षभर घरी झोपून राहिले असते तर वाचले असते असंही नाही. वॉकर यांचं वेगळं आहे. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची ती सूज, झाल्यावर आम्ही पेशंटला काही महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगतो, ठोके बिघडतात का बघतो. पण पावणेदोन वर्षांनी आलेला झटका त्याचाच होता की नवीन काही, हे लांबून मी सांगणार नाही आणि कोणी सांगू पण नये. सगळ्या मृत्यूंची एक मोळी बांधू नका. नूट रॉकनी बघा, नोत्र दामचे, १९२९ मध्ये पायात रक्ताची गुठळी, डॉक्टर नको म्हणत असताना व्हीलचेअरवर बसून कोचिंग केलं, सगळ्यांना धास्ती की गुठळी वर सरकेल. आणि गेले कशात, तर ३१ मार्च १९३१ ला कॅन्ससमध्ये विमान पडून. ४३ वर्षांचे.

स्टार्कव्हिलकर:
ताई, मोळी बांधली हे मान्य. हेप्नर वाचला असता असं मला म्हणायचं नव्हतं. पण रॉकनीचं तुम्हीच सांगितलंत ना, डॉक्टर नको म्हणत होते आणि तरी बसला. विमान पडलं म्हणून १९२९ चा तो निर्णय बरोबर ठरतो का? नाही ठरत.

आणि मामा, डँटोनिओ तर माझ्याच बाजूचा आहे की. तो अटॅकनंतर सरळ साइडलाइनवर नाही आला. असिस्टंट डॉन ट्रेडवेलने टीम चालवली, मध्ये पायात गुठळी झाली म्हणून हा परत दवाखान्यात, आणि मिशिगनविरुद्धच्या मॅचला आला तेव्हा वर प्रेस बॉक्समध्ये बसला. टप्प्याटप्प्याने. मला हेच हवंय. ते त्याच्या नशिबाने झालं, नियमाने व्हायला पाहिजे.

वकिली चष्मा:
नियमाचं बोलताय म्हणून. अमेरिकेत १९९० चा अपंगत्वाचा कायदा आहे, एडीए. आजार आहे एवढ्यावरून माणसाला कामावरून हलवता येत नाही आणि तपासणीची सक्ती पण कामाशी थेट संबंध आणि ठोस कारण असेल तरच. आणि कायदा बाजूला ठेवा, मिनेसोटाच्या जेरी किलचं काय झालं आठवा. एपिलेप्सी. २०११ मध्ये भर मैदानात फिट आली, २०१३ मध्ये परत, आणि लोक लिहायला लागले की असला माणूस टीमचा चेहरा नको. किती अपमान तो. त्याने तेव्हा रजा घेतली, असिस्टंट ट्रेसी क्लेजने टीम सांभाळली, किल वर प्रेस बॉक्समधून बघायचा आणि टीमने बिग टेनमधल्या सलग चार मॅच मारल्या. २०१५ मध्ये स्वतः रडत रडत सोडलं. आणि नंतर न्यू मेक्सिको स्टेटला येऊन २०२३ मध्ये दहा मॅच जिंकला. तुमचा तो डॉक्टर आला की पहिला बळी असा माणूस जाणार. म्हणणार काळजीपोटी, आणि काढणार मात्र मॅच हरल्यावर. खुर्चीवर डोळा ठेवणाऱ्यांच्या हातात मेडिकल रिपोर्ट द्यायचा नसतो.

स्टार्कव्हिलकर:
हा मुद्दा सगळ्यात जड आहे, रात्रभर डोक्यात होता. म्हणून बदलून मांडतो. रिपोर्ट विद्यापीठाच्या हातात नकोच. पण ह्या लोकांचे करार बघा, लीचचा चार वर्षांचा वीस मिलियन डॉलरचा होता. त्यात किती जिंकलं की किती बोनस, काढलं तर किती पैसे, हे सगळं बारीक बारीक लिहितात. मग आजारपणाची रजा घेतली तर पगार, बोनस, खुर्ची कशालाच धक्का नाही आणि ह्या ह्या असिस्टंटकडे टीम जाईल, हे आधीच का लिहून ठेवत नाहीत? माणूस रजा का घेत नाही, तर डिसेंबरमध्ये पुढच्या टीमसाठी नव्या पोरांच्या सह्या घ्यायच्या असतात. लीच गेल्यावर नऊ दिवसांनी सह्यांचा दिवस होता!! आठवडा उलटायच्या आत डिफेन्सचा कोच झॅक आर्नेट याला हेड कोच केलं, आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्याला काढूनही टाकलं. कॅलेंडर कोणासाठी थांबत नाही हे त्या प्रत्येक कोचला माहीत असतं, म्हणून तो खोकला दाबून उभा राहतो.

ब्लूमिंग्टनची वहिनी:
आम्ही इंडियानात राहतो म्हणून लिहिते. तुम्ही सगळे जणू हेप्नर कोचना कोणीतरी फरफटत मैदानावर नेलं असं बोलताय. तसं नव्हतं हो. ह्या गावात फुटबॉलला कोणी विचारत नव्हतं, बास्केटबॉलचं गाव. ते आले, स्टेडियमच्या उत्तरेच्या टोकाला चुनखडीचा एक भलामोठा दगड बसवला, आपला इथला दगड, आणि पोरांना सांगितलं मैदानात येताना ह्याला हात लावायचा. आपण देवळात शिरताना उंबऱ्याला हात लावतो ना, अगदी तसं दिसतं. दुसऱ्या ऑपरेशननंतर ते परत आले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये आयोवाला ३१-२८ हरवलं, ती मॅच माझ्या मिस्टरांनी स्टेडियममध्ये बघितली, घरी आले तेव्हा घसा पूर्ण बसलेला. तेरावी मॅच खेळायची, म्हणजे सीझननंतरच्या बोल मॅचपर्यंत जायचं, हे त्यांचं वाक्य होतं. ते गेले त्याच वर्षी परड्यूविरुद्ध शेवटच्या मिनिटाला ४९ यार्डांवरून किक गेली, २७-२४, आणि १९९३ नंतर पहिल्यांदा टीम बोलला गेली. तो माणूस सप्टेंबरमध्ये घरी बसला असता तर ह्यातलं काय झालं असतं? उरलेला वेळ कसा घालवायचा हे त्याचं त्याला ठरवू द्या. तेवढा हक्क मरणाऱ्या माणसाला आहे.

डॉक्टरीणबाई:
वहिनी, हे मात्र शंभर टक्के. बरं न होणारा आजार असेल तर मी पण पेशंटला हेच विचारते, तुम्हाला काय करायचंय. पण हृदयाचं तसं नसतं, तिथे थांबून फरक पडू शकतो. दोन्हींना एक नियम लावला की कोणावर तरी अन्याय होणार.

शिट्टी:
मी फुटबॉल बघत नाही, पण वाचून राहवलं नाही. माझे बाबा सांगलीकडे एका शाळेत पीटीचे सर, कबड्डीची टीम त्यांची. घामाघूम व्हायचे, डावा हात चोळत बसायचे, आई म्हणायची दाखवून या, ते म्हणायचे जिल्हा झाली की जातो. जिल्ह्याच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेषा मारताना पडले. शाळेत फोटो आहे, खाली लिहिलंय कर्तव्य बजावताना. मला त्या फोटोचा अभिमान पण वाटतो आणि रागही येतो, दोन्ही एकदम. त्या दिवशी हेडसरांनी नुसतं म्हटलं असतं की सर, टीम मी नेतो, तुम्ही इसीजी काढून या, तर बाबा गेले असते. घरच्यांचं ऐकायचे नाहीत, हेडसरांचं ऐकायचे.

मिशिगनचा मामा:
शिट्टी, वाचून गप्प झालो रे.

माझं मत तरी फार हललेलं नाही, सक्ती नकोच. पण रजेचं करारात लिहा हे स्टार्कव्हिलकरचं आता पटतंय, आणि सांगणारा माणूस घरचा नाही तर वरचा पाहिजे हे तुझं पटलं.

वकिली चष्मा:
करारात रजा, हो, चालेल. डॉक्टरला व्हेटो, नाही. इथे मी थांबतो.

स्टार्कव्हिलकर:
शिट्टी, तुझ्या बाबांबद्दल लिहिलंस, बरं केलंस.

वहिनी, तुम्ही दगडाचं सांगितलंत म्हणून आमचंही एक सांगतो. २ जानेवारी २०२३, टँपा, इलिनॉयविरुद्ध बोल, लीच गेल्यावरची पहिली मॅच. पहिल्याच खेळीला आमची ऑफेन्स, म्हणजे हल्ला करणारी फळी, लीचच्या सतत पास टाकायच्या ‘एअर रेड’ रचनेत मैदानभर पांगून उभी राहिली, आणि चेंडू उचललाच नाही. घड्याळ शून्यावर गेलं तरी सगळे तसेच उभे. उशीर केल्याची पाच यार्डांची पेनल्टी लागली आणि इलिनॉयने ती नाकारली, म्हणाले नको आम्हाला. मग मॅच सुरू झाली, १९-१० जिंकलो. मी तेव्हा घंटा हातात घेऊन बसलो होतो, वाजवली नाही.