युद्ध संपल्यावर परमुलखात वारलेला सैनिक : ‘धारातीर्थी’ म्हणावे काय?

प्रश्न : आमच्या गावच्या स्मृतिस्तंभावरील फलक नव्याने कोरायचा आहे. त्यावर मराठा पलटणीतील एका जवानाचे नाव आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर ते पलटणीबरोबर जपानला गेले आणि १९४६ साली तेथेच आजाराने वारले. जुन्या फलकावर सर्व नावांना ‘धारातीर्थी पडलेले वीर’ असे एकच शीर्षक होते. ते यांना लागू पडते काय?

प्रतिसाद : काटेकोरपणे पाहता लागू पडत नाही. ‘धारातीर्थ’ यातील धारा ही शस्त्राची आहे. रणात शस्त्राच्या धारेखाली आलेले मरण तीर्थातल्या मरणाइतके पावन, ही त्यामागची कल्पना. बखरींच्या भाषेतले ‘कामी येणे’ आणि अलीकडे सर्रास वापरले जाणारे ‘वीरगती’ हेही शब्द लढाईला बांधलेले आहेत. ‘हुतात्मा’चे तसे नाही. मुंबईच्या हुतात्मा चौकाशी ज्यांची स्मृती जोडलेली आहे, ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातले नागरिक होते, सैनिक नव्हेत. म्हणजे या शब्दाला रणांगण लागत नाही, पण स्वतः पत्करलेले ध्येय लागते. ब्रिटिश सरकारच्या हुकमाने परक्या देशाच्या बंदोबस्ताला गेलेल्या जवानावर असे ध्येय आपण आज लादावे, हे मला पटत नाही.

त्यांची कामगिरी कोणती होती, तेही फलकावर यावे. जपानमधील राष्ट्रकुल फौजेत भारतीय ब्रिगेड होती; तिचे नेतृत्व पुढे सरसेनापती झालेल्या थिमय्यांकडे होते आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच ही बटालियन. या फौजेला ‘तैनाती फौज’ म्हणण्याचा मोह टाळावा, कारण त्या शब्दाने मराठी वाचकाला १८०२ चा वसईचा तह आठवेल. ‘ताबा फौज’ अर्थाला बरोबर असले तरी दगडावर रुक्ष दिसेल. मी ‘जपानमधील दोस्त फौजांत सेवेत असताना निवर्तले’ असे सुचवीन. ‘मयत’ सरकारी दाखल्यात शोभते, स्तंभावर नाही.

दुसरा प्रतिसाद : अर्थाबाबत सहमत आहे, परंतु शब्द वेगळा म्हणून त्यांचे नाव खाली, निराळ्या रकान्यात टाकले जाऊ नये. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग दुसऱ्या महायुद्धातील मृतांची गणना ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत करतो आणि सेवेत असताना आजाराने वा अपघाताने गेलेल्यांनाही त्यात धरतो. योकोहामाच्या युद्धस्मशानात युद्धोत्तर काळातील मृतांसाठीही विभाग आहे. मग आपल्याच गावाने हात आखडता का घ्यावा?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर : मान्य. तेव्हा शीर्षकच बदलावे : ‘सैन्यसेवेत प्राण वेचलेले गावकरी’. ‘प्राण वेचणे’ यात लढाईची अट नाही आणि आदरही उणा होत नाही. जे रणात पडले त्यांच्या नावापुढे ‘धारातीर्थी’, यांच्या नावापुढे वरील ओळ, आणि क्रम मृत्यूच्या सालाप्रमाणे. शीर्षकाखाली ‘१९३९–१९४५’ असा काळ कोरलेला असेल, तर तोही ‘१९३९–१९४७’ करून घ्यावा. नाहीतर यांच्या नावापुढचे १९४६ हे साल पाहून वाचणाऱ्याला कोरणाऱ्याची चूक वाटेल.