वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना धाडलेले चार शब्द : तुमचे अनुभव

सईची आई
काल पोस्टात पीपीएफचे पैसे भरायला गेले होते. पुढच्या काकांनी दहा पोस्टकार्डं मागितली, खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पाच रुपये." तेवढं ऐकलं आणि २०२० चा उन्हाळा समोर आला.

माझी मोठी आत्या तेव्हा पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, पाय मोडल्यावर स्वतःच ठरवून तिथे राहायला गेली. मार्चअखेर टाळेबंदी लागली, भेटी बंद. फोनवर तिला ऐकू यायचं नाही, नुसतं हॅलो हॅलो चालायचं. मग मी कार्डं लिहायला घेतली. पहिल्यात "काळजी घे, होईल सगळं नीट" असलंच काहीतरी. दुसऱ्यात काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं की कुंडीतल्या झाडाला सात मिरच्या आल्या, दोन पोपटाने नेल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पेन्सिलीने एवढंच : "राहिल्या किती ते सईकडून लिहून घे."

तिथून पुढे प्रत्येक कार्डात एक गणित. कधी सई घालायची, कधी आत्या. आत्या २०२२ मध्ये गेली. तिचं कपाट आवरताना ४१ कार्डं निघाली, तारखेप्रमाणे लावलेली, सईच्या प्रत्येक बरोबर उत्तरापुढे लाल खूण.

तुम्ही कुणी असं पाठवलंय? ओळखीच्यांना, अनोळखी माणसांना? लिहा ना.

निळी शाई
डोळे भरून आले गं. सई कितवीत आता?

सईची आई
दहावीत. गणित आवडतं तिला :)

मेधा_फिजिओ
दोन वृद्धाश्रमांत जाते मी, आठवड्यातून तीनदा. घाईत लिहितेय, पेशंट यायचाय. अक्षर मोठं काढा, काळं आणि जाड. फिक्या निळ्या बॉलपेनचं मोतीबिंदूवाल्यांना दिसत नाही. आणि नाव घालून लिहा. "सर्व आजी-आजोबांस" असं आलेलं कार्ड फळ्यावर लागतं, नावाचं आलेलं उशीखाली जातं. एका खोलीत दोघी असतील तर दोघींना पाठवा. आमच्याकडे एक आजी पोस्टमनच्या वेळेला दारातल्या खुर्चीत येऊन बसतात. त्यांना कधीच काही येत नाही.

रानभाजी
मेधाताई, त्या आजींचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) कराल?

मेधा_फिजिओ
त्यांना आणि संस्थेला विचारून करते. नक्की.

डब्लिनकर
आयर्लंडमध्ये २०२० साली इथल्या पोस्टाने घरोघरी दोन-दोन कोरी कार्डं फुकट वाटली होती, आपापल्या माणसांना लिहा म्हणून. पुढे नर्सिंग होममधल्या लोकांची पत्रंही बिनातिकिटाची केली. माझं इथे कुणीच नव्हतं, म्हणून एक कार्ड मागच्या गल्लीतल्या नर्सिंग होमला टाकलं. होळी नुकतीच झाली होती, पुरणपोळीचं लिहिलं. एका आजींचं उत्तर आलं, नर्सच्या अक्षरात : डाळ गोड कशी काय करता? मग साग्रसंगीत कृती पाठवली. वर्षभर चालला आमचा पत्रव्यवहार. आई गेल्यावर मला "जेवलास का" विचारणारं तेवढंच माणूस होतं त्या शहरात.

कोकणचो झील
आमचे आजोबा ठाण्याच्या वृद्धाश्रमात होते, वाचता येत नव्हतं शेवटी. गावच्या घरून मी मृगाचा पहिला पाऊस रेकॉर्ड केला, कौलांवरचा, वीस सेकंद. तिथल्या मावशींच्या व्हॉट्सअॅपवर धाडला. मावशी म्हणाल्या, चार वेळा ऐकलं आणि म्हणाले, "पडवीची कौलां परतूक होयी." त्याच आठवड्यात शाकारणी करून घेतली आणि त्याचाही आवाज पाठवला.

अनघा_ज
वाईट अनुभव सांगू का? शाळेच्या मुलांकडून दिवाळीची पंचवीस कार्डं करून घेतली. संस्थेने ती ऑफिसात ठेवली, पाहुणे आल्यावर फोटोसकट वाटू म्हणाले. डिसेंबर उजाडला. आणि एका मुलाने निरागसपणे लिहिलं होतं, "लवकर बरे होऊन घरी जा." ते आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. त्या मुलाला मी सांगितलं नाही, पण मला अजून टोचतं.

मेधा_फिजिओ
अनघा, तुमचा दोष नाही. पण "घरी" हा शब्द टाळा हो सगळ्यांनीच. त्यापेक्षा काहीतरी विचारा त्यांना, ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच येतं. लोणच्याचं मीठ किती, एसटीचं तिकीट तेव्हा कितीला होतं. सांगायला मिळालं की चेहरा बदलतो.

रानभाजी
अनोळखी आजींना मायना काय लिहायचा? ती. चालेल?

निळी शाई
ती. आजींस, सा. न. वि. वि. बिनधास्त लिही. त्यांच्या पिढीला ते बघूनच बरं वाटतं.

जुना पोस्टमन
पिनकोड घाला. बरीच कार्डं तो नसल्यामुळे रखडतात.
आणि शेजारी कुणी म्हातारं माणूस एकटं, अडचणीत दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

तुळशीवृंदावन
सईची आई, मिरचीच्या पानांवर बोकड्या आलाय माझ्या, पानं चुरडतायत. काय करता तुम्ही?

सईची आई
आंबट ताक पाण्यात पातळ करून फवारते, चुरडलेले शेंडे खुडून टाकते. आत्यानेच कळवलं होतं, एकोणिसाव्या कार्डात.

रानभाजी
पोस्टात जाऊन आले. कार्डं संपलीत, सोमवारी या म्हणाले. मेधाताई, आजींना लोणचं घालता येतं का?

मेधा_फिजिओ
विचारलं. म्हणाल्या, "कैरीचं की लिंबाचं, ते आधी लिही म्हणावं."