स्पेक्ट्रमच्या गेमांचं परीक्षण रिवाइंड वापरून लिहावं का?

खाणमजूर

स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासारख्या ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांच्या गेमांवर हल्ली चार-पाच ओळींची परीक्षणं भरपूर येतात. त्यातली बरीचशी इम्युलेटरमध्ये (जुनं यंत्र आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) दर दहा सेकंदांना सेव्ह स्टेट (त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद) घेत, मेलं की रिवाइंड करत (डाव थोडा मागे नेत) लिहिलेली असतात, आणि शेवटी निकाल ठरलेला: 'तासाभरात संपतो, आज खेळण्यासारखं फार काही नाही.' माझं म्हणणं सरळ आहे. सेव्ह स्टेट आणि रिवाइंड बंद ठेवून जे खेळलं, त्याचंच परीक्षण लिहावं. ४८के (४८ किलोबाइट) मेमरीत गेमची लांबी जागेवर नाही, चुकीसाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीवर उभी असायची. ती किंमतच काढून टाकली तर उरतात फक्त चित्रं.

तीन नमुने देतो.

मॅनिक मायनर (१९८३, मॅथ्यू स्मिथ): २० खोल्या, ३ जीव, वर हवेची पट्टी. एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, त्यामुळे खरा निर्णय जमिनीवरच होतो. पहारेकरी (खोलीत फिरणारे शत्रू) ठरलेल्या रेषेतच फिरतात, नशिबाचा भाग जवळजवळ शून्य. 'स्कायलॅब लँडिंग बे' पहिल्यांदा बघताना अशक्य वाटते, पण कोणता उपग्रह कुठे पडतो हे पाठ झालं की सुटते. १० पैकी ९.

नाइट लोर (१९८४, अल्टिमेट): तिरक्या कोनातून दिसणाऱ्या १२८ खोल्या, ४० दिवसांची मुदत, कढईत टाकायच्या १४ वस्तू. हातात एका वेळी तीनच मावतात. वस्तू पायाखाली ठेवून तिचीच पायरी करायची, ही कल्पना आजही ताजी आहे. ९.

जेट सेट विली (१९८४): ६० खोल्या, उचलायच्या ८३ वस्तू, हव्या त्या क्रमाने फिरण्याची मुभा. मॅनिक मायनरपेक्षा मोठा, पण तेवढा घट्ट नाही. ७.

फेरबूट

पूर्ण असहमत, आणि तुमचाच तिसरा नमुना तुमच्या विरोधात जातो.

जेट सेट विली मूळ अटींवर संपवताच येत नाही. 'द ॲटिक' खोलीत एका बाणाच्या उंचीचा आकडा चुकीचा आहे. त्यामुळे तो बाण पडद्याच्या जागेत न उमटता भलत्याच मेमरीत उमटतो आणि दुसऱ्या खोल्यांचा डेटा खराब करतो. त्यानंतर त्यातल्या काही खोल्यांत पाऊल टाकलं की मरण. प्रकाशकाने आधी हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली अडचण आहे असं सांगितलं, आणि नंतर चार पोक (मेमरीतला एखादा आकडा बदलणारे आदेश) दिले. ॲटिकसाठीचा पोक ५९९०१,८२. तो टाकल्यावर तुम्ही 'मूळ' गेम खेळताय की दुरुस्त केलेला?

शिवाय त्यात मरणाची साखळी आहे. खोलीत शिरताना ज्या जागी, ज्या अवस्थेत होतात, तिथेच पुन्हा जिवंत करतो. उंचावरून पडत शिरलात तर पुन्हा पडत, पुन्हा मेलेले. सगळे जीव काही सेकंदांत खलास, आणि मधे एकही कळ दाबून उपयोग नाही. याला 'चुकीची किंमत' म्हणत नाहीत. इथे खेळाडूने निर्णयच घेतलेला नाही.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे: मरण्याआधी त्या मरणाची माहिती पडद्यावर होती का? असेल तर शिक्षा रास्त, रिवाइंड नको. नसेल तर रिवाइंड खुशाल वापरा, आणि परीक्षणात तसं लिहा. जेट सेट विलीला माझे ५, आणि तेही खोल्यांच्या नावांसाठी.

केम्पस्टन३१

रिवाइंडवर भांडण्याआधी यंत्र नीट मांडा. निम्मे 'अन्यायकारक' मृत्यू मांडणीतल्या चुकांमुळे होतात.

स्पेक्ट्रमची फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) सेकंदाला ५० वेळा, म्हणजे एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि हालचाल अडखळते. मॉनिटरला ५० हर्ट्झ जमत असेल तर आधी ते निवडा. टीव्ही असेल तर गेम मोड चालू करा, नाहीतर चित्र सुधारण्याच्या नादात तो आणखी काही फ्रेम उशीर करतो. ध्वनीचा बफरही लहान ठेवा, पण इतकाही नको की बीपर (स्पेक्ट्रमचा आतला स्पीकर) तुटक वाजेल.

हा उशीर सगळीकडे सारखा जाचत नाही. मॅनिक मायनर कळा वाचतो तो आपल्या मुख्य फेरीत एकदा, आणि त्या एका फेरीत टीव्हीच्या अनेक फ्रेम जातात, म्हणून तिथे एक-दोन फ्रेम चालून जातात. थ्रीडी डेथचेस (१९८३, १६के मशीनवरही चालतो) मात्र पूर्ण बिघडतो. झाडांतून मोटरसायकल काढायची, बाकी काही नाही, आणि तेवढ्यावरच उभा असलेला हा स्पेक्ट्रमवरचा सर्वात शुद्ध वेगाचा गेम आहे. माझे ९. उशीर असलेल्या टीव्हीवर ४.

दुसरं, जॉयस्टिक. गेममध्ये केम्पस्टन (जॉयस्टिक जोडण्याचा एक इंटरफेस) निवडला आणि इम्युलेटरमध्ये तो इंटरफेस बंद असला, तर पोर्ट ३१ वरून (गेम जिथून जॉयस्टिक वाचतो) कचरा वाचला जातो आणि पात्र आपोआप एका बाजूला पळतं. अशा वेळी लोक 'नियंत्रण वाईट' असा शेरा मारून मोकळे होतात. खात्री नसेल तर कळफलक घ्या. क्यू-ए-ओ-पी या कळा घेणाऱ्या गेमांत बोटं चटकन बसतात.

खाणमजूर

@फेरबूट, पोकबद्दल: दुरुस्ती आणि सवलत यांत फरक आहे. ५९९०१,८२ मुळे गेम पूर्ण करता येतो. ३५८९९,० मुळे जीव संपत नाहीत. पहिला चालेल, दुसरा नाही.

तुमची 'माहिती पडद्यावर होती का' ही कसोटी ऐकायला बरी आहे, पण लावायला गेलं की घसरते. मॅनिक मायनरचंच घ्या. पहारेकऱ्याशी टक्कर प्रत्यक्ष ठिपक्यांवर मोजली जाते. काटे आणि झुडपं यांच्याशी मात्र ८ बाय ८ च्या चौकटीतल्या रंगावरून. म्हणजे पहारेकऱ्याच्या नाकाजवळून सुटता येतं, पण काट्याच्या रिकाम्या दिसणाऱ्या कोपऱ्याला पाय लागला तरी मरण. पडद्यावर ही माहिती होती का? ठिपके बघाल तर नाही. चौकट ओळखायला शिकलात तर होती. ते शिकणं हाच गेम आहे, आणि रिवाइंड असेल तर कुणी शिकत नाही, फक्त पुन्हा प्रयत्न करतं.

फेरबूट

हे शिकायला तीन जीव आणि पहिल्या खोलीपासून पुन्हा सुरुवात कशाला हवी? १९व्या 'सोलर पॉवर जनरेटर' खोलीतला प्रकाशाचा झोत पहारेकऱ्यांवरून वळतो आणि अंगावर पडला की हवा झपाट्याने उतरते. ही खोली समजून घ्यायला ती सलग दहा वेळा खेळायला हवी. मूळ अटींवर प्रत्येक वेळी आधीच्या १८ खोल्या पार करा. खुद्द स्मिथने चोरवाट ठेवली होती: बग-बाइट या पहिल्या प्रकाशकाच्या आवृत्तीत ६०३१७६९ आणि सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या नंतरच्या प्रकाशकाच्या आवृत्तीत 'टाइपरायटर' टंकलं की थेट हव्या त्या खोलीत जाता येतं. रचनाकाराने दिलेली सोय शुद्ध, आणि इम्युलेटरने दिलेली अशुद्ध, हा सोवळेपणा कळत नाही.

नाइट लोरबद्दलही तुम्ही फार उदार आहात. खोलीत हलत्या वस्तू वाढल्या की सगळा गेम रांगतो, कारण रेखाटनाचा वेळ वस्तूंच्या संख्येवर जातो. खोली एकाच रंगात आहे ती शैली म्हणून नाही. प्रत्येक ८ बाय ८ चौकटीत दोनच रंग बसतात, म्हणून ती पळवाट. सूर्य मावळताना नायक साबरमनचा लांडगा होतो, तेवढा वेळ नियंत्रण हातातून जातं. शिवाय लांडगा होऊन कढईच्या खोलीत गेलात तर तिथे हल्ला होतो, म्हणजे वस्तू दिवसाच न्यायची. तुम्ही हे सांगितलंच नाहीत, आणि नव्या खेळाडूला पहिल्यांदा अडतं ते इथेच. ७.

कोरिऑलिस

दोघंही एकाच जातीच्या गेमांवर वाद घालताय, म्हणून तो फिरून तिथेच येतो. ज्यात यादृच्छिकता आहे ते गेम बघा.

इम्पॉसिबल मिशन (१९८४, एपिक्स, मूळ कमोडोर ६४ संगणकावर): सहा तासांचं घड्याळ, प्रत्येक मृत्यूला दहा मिनिटं वजा. जीव नाहीत, वेळच चलन. कोड्याचे ३६ तुकडे, चार-चार जोडून ९ कार्डं. फोनवरून मदत घेतली तर दोन मिनिटं जातात. रोबोंचा स्वभाव प्रत्येक नव्या डावात बदलतो, त्यामुळे पाठांतर चालत नाही. खोलीत शिरून आधी उभं राहायचं, कोण गोळी मारतो आणि कोण नुसता फिरतो ते बघायचं. इथे रिवाइंड वापरलात की घड्याळाला अर्थ राहत नाही आणि फोन कुणी उचलणार नाही. १०.

एलीट (१९८४, ब्रेबेन आणि बेल, बीबीसी मायक्रो संगणकावर): ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, सुरुवातीला १०० क्रेडिट. सेव्ह फक्त स्थानकात. म्हणूनच माल भरून निघालं की प्रवासाला वजन येतं. स्थानक फिरतं, त्यामुळे आत शिरताना आधी त्याच्या दाराच्या रेषेत बरंच लांबून या, वेग कमी करा, दाराशी जहाजाचं फिरणं जुळवा आणि मगच पुढे व्हा. नवे खेळाडू तिरपे येतात, आपटतात, आणि 'डॉकिंग तुटलेलं आहे' असं लिहितात. १५०० क्रेडिटचा डॉकिंग संगणक त्याचसाठी आहे. ९.

पण एलीटच्याच स्पेक्ट्रम आवृत्तीत (१९८५) लेन्सलॉक (चोरट्या प्रती रोखणारं कुलूप) आहे: प्लास्टिकच्या पट्ट्या पडद्याला लावून दोन अक्षरं वाचायची. चित्राचा आकार आधी 'ओके' स्पष्ट दिसेपर्यंत जुळवावा लागतो. फार मोठ्या किंवा फार लहान टीव्हीवर ते जुळतच नसे, आणि काही डब्यांत तर दुसऱ्याच गेमची लेन्स निघाली. इम्युलेटरवर हे अडसर ओलांडणारं स्नॅपशॉट (गेमच्या मेमरीची साठवलेली प्रत) घ्या. त्याला 'मूळ अट' म्हणून जपण्यात काही हशील नाही.

चकीचा_कोंबडा

विषयाला थोडा फाटा. परीक्षण कोणत्या आवृत्तीचं हे कुणी लिहीतच नाही. भारतात १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पात शाळांमध्ये आले ते बीबीसी मायक्रो. परवान्याने बनलेला स्पेक्ट्रम प्लस डेसिबेल्स कंपनीने १९८६ साली आणला. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक वाचकांच्या डोक्यातला चकी एग (अंडी गोळा करण्याचा गेम) बीबीसीचा असतो आणि परीक्षण स्पेक्ट्रमचं. दोन्हींत नायक हॅरीच्या उडीचा अंदाज वेगळा, बीबीसीवर तो जास्त नैसर्गिक. दोन्हींत प्रत्येक पातळीवर १२ अंडी, आठ पातळ्यांनंतर तेच आराखडे परत आणि पिंजऱ्यातलं मोठं बदक मोकळं. बीबीसी ९, स्पेक्ट्रम ७. यंत्राचं नाव न लिहिता आकडा देणाऱ्यांचं मी तरी धरत नाही.

खाणमजूर

आवृत्ती लिहावी, हे शंभर टक्के मान्य. लेन्सलॉकही मान्य, तो गेमचा भाग नाहीच.

@फेरबूट, स्मिथची चोरवाट सरावासाठी वापरा, हरकत नाही. १९वी खोली दहा वेळा खेळा. पण निकाल लिहिताना सलग २० खोल्यांचा डाव झालेला असावा, कारण हवेच्या पट्टीचा ताण आणि उरलेल्या जिवांची मोजदाद त्या सलगतेतच कळते.

आणि सोय द्यायचीच तर ती रचनेत कशी बसवतात ते हेड ओव्हर हील्समध्ये (१९८७, रिटमन आणि ड्रमंड) बघा. तीनशेहून जास्त खोल्या, आणि मधेमधे मासे. मासा खाल्ला की मेल्यावर तिथून सुरुवात. मासा कुठे ठेवायचा हे रचनाकाराने ठरवलंय, खाल्ला की तो संपतो, आणि कधी खायचा हे तुम्ही ठरवता. नाइट लोरचा धडा घेऊन त्याच्यापेक्षा चांगला केलेला गेम. १०. रिवाइंड चालू ठेवलंत तर माशाकडे तुम्ही ढुंकूनही बघणार नाही.

फेरबूट

हेड ओव्हर हील्सचे १० मान्य. पण यातून माझाच मुद्दा निघतो: १९८७ पर्यंत रचनाकारांना कळलं होतं की सलगतेची सक्ती ही रचना नसून कमतरता होती. १९८३ च्या गेमला ती सूट आपण नंतर का देऊ नये?

केम्पस्टन३१

एक व्यवहारी तोडगा. फ्यूजसारख्या इम्युलेटरमध्ये आरझेडएक्स नोंद चालू करून खेळा. त्यात प्रत्येक फ्रेमला गेमने वाचलेली कळ साठते आणि फाइल लहान राहते. सुरुवातीला स्पर्धा मोड (ज्यात डाव मधे मागे नेता येत नाही) निवडा. परीक्षणाखाली ती नोंद जोडली की वाचकाला डाव पहिल्यापासून बघता येतो. रिवाइंड वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त आकड्याशेजारी तसं लिहा: मॅनिक मायनर, ४८के, रिवाइंडसह, ७.

खाणमजूर

रिवाइंडशिवाय आणि रिवाइंडसह असे आकड्यांचे दोन स्तंभ चालतील. पण रिवाइंडवाल्या आकड्याची सरासरी पहिल्यात मिसळायची नाही.

फेरबूट

मिसळायचीच. नाहीतर 'खरे' आणि 'खोटे' परीक्षक अशा दोन पंगती पडतील. जेट सेट विलीपासून सुरुवात करा, पोकसकट आणि पोकशिवाय, बघू पहिल्या स्तंभात किती आकडे येतात.